सातव्या पायरीची दुरुस्ती

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची निवड अगदी रीतसर झाली. सरकारी खात्याकडून एक फॉर्म आला होता. त्यात ‘सुरक्षा अधिकाऱ्याचे नाव’ असा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म परत येत असे. म्हणून मॅनेजरसाहेबांनी मीटिंग बोलावली. मीटिंगला हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्यामागे किती काम आहे ते पोटतिडकीने सांगितलं. स्टोअरचे मुख्य कारकून त्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडले होते, त्यामुळे त्यांना काहीच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन ते कामावर आले तेव्हा सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, दाढेबद्दलच करतायत.

या गृहस्थांना सगळा कारखाना टाचणीसाहेब म्हणत असे, अर्थात पाठीमागे. स्टोअरमधून टाचणी हवी असेल तरी ते मागणीची चिठ्ठी लिहून घेत, वहीत सही घेत, आणि मग डबीतून एक टाचणी काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवत. वाकडी निघाली तर बदलूनही देत, पण त्याची चिठ्ठी वेगळी. अशा माणसाला कोणतंही पद गंमत म्हणून देऊ नये, एवढं मॅनेजरसाहेबांच्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

कारखान्याच्या दारात एक फळा होता. त्यावर वर ‘अपघाताविना दिवस’ असं रंगवलेलं, आणि खाली तीन खिळे. त्या खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवलेले असत आणि रोज सकाळी वॉचमन ते बदलत असे. आकडा वाढायला कोणी काही न लिहिणं एवढंच पुरेसं असल्यामुळे तो झपाट्याने वाढला होता. सुट्ट्याही त्यात धरल्या जात. बंद कारखान्यात अपघात होत नाही, हे म्हणणं खोटं नव्हतं. टाचणीसाहेबांनी पद हाती घेतलं त्या दिवशी फळ्यावर नऊशे एकसष्ट होते. हजार भरले की सरकारी खात्याचे मोठे अधिकारी स्वतः येऊन कारखान्याला ढाल देणार होते, मालक सर्वांना अर्धा दिवस सुट्टी आणि जेवण देणार होते, आणि ती ढाल हातात घेऊन फोटोत उभं राहण्याचा मान सुरक्षा अधिकाऱ्याचा होता.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत टाचणीसाहेबांचा फोटो एकदाच निघाला होता, ओळखपत्रासाठी, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यामुळे त्या ढालीने त्यांच्या मनात घर केलं यात नवल नाही. त्यांच्या पत्नीने तर ही बातमी आपल्या धाकट्या बहिणीला कळवूनही टाकली होती. धाकट्या बहिणीचा नवरा नुकताच उपप्रमुख झाला होता. कशाचा ते कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण तो झाला होता. तेव्हा ही ढाल घरात येणं किती गरजेचं होतं ते वेगळं सांगायला नको.

खात्याने नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी एका दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. इतर ठिकाणचे अधिकारी मागच्या रांगांत बसून डुलक्या काढत होते. टाचणीसाहेब पहिल्या रांगेत बसले आणि दोनशे पानी वहीची सव्वीस पानं त्यांनी भरून काढली. शिकवणारे गृहस्थ शांत आवाजात म्हणाले, “धोका दिसला की पहिल्यांदा तो मुळातून काढून टाकता येतो का ते बघा. नाहीच जमलं तर त्याला आडोसा करा, तेही नाही तर लोकांना सूचना द्या, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर हेल्मेट चढवा. आपण नेमकं उलट करतो. हेल्मेटपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.” पुढे म्हणाले, “मोठा अपघात एकाएकी येत नाही. आधी बारीकसारीक शंभर गोष्टी होतात आणि माणूस थोडक्यात वाचतो. त्या लिहून ठेवा. आणि कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहू नका. माणूस चुकणारच असं धरून जागा नीट करा.”

टाचणीसाहेब हे सगळं डोक्यात घेऊन परतले ते थेट स्वयंपाकघरात शिरले. धोक्याची शक्यता एक ते पाच, नुकसान एक ते पाच, आणि दोहोंचा गुणाकार करायचा, अशी पद्धत ते शिकून आले होते. न्हाणीघराला वीस गुण मिळाले, गॅसला पंधरा, आणि माळ्यावरच्या पितळी पातेल्याला पंचवीसपैकी पंचवीस. पत्नी भाजी चिरताना हे ऐकत होती.

“अहो, पहिलं तत्त्व काय म्हणालात?”

“धोका मुळातून काढून टाकणे.”

“मग तुम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसा. तुम्ही इथे उभे राहिलात की दोनदा दूध उतू जातं. नसलात की एकदाही नाही.”

टाचणीसाहेब बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता.

कारखान्यात त्यांनी एक वही टांगली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘थोडक्यात वाचलो’. खाली सूचना होती, की ज्याला इजा होता होता राहिली त्याने तारीख, वेळ आणि जागा घालून नोंद करावी. पहिल्या आठवड्यात नोंदींचा पाऊस पडला. ‘मशीनमागे डोळा लागला होता. मॅनेजरसाहेब आले. पाच सेकंद आधी जाग आली. थोडक्यात वाचलो.’ ‘साडू राहायला येणार होता. गाडी चुकली. थोडक्यात वाचलो.’ एकाने तर ‘एकोणीस वर्षांपूर्वी एका मुलीला होकार देणार होतो’ अशी सुरुवात करून दोन पानं भरली होती. दुसऱ्या कोणी ती वही फेकून दिली असती. पण हातात आलेला प्रत्येक कागद वाचायचा आणि फाइल करायचा ही टाचणीसाहेबांची जन्माची सवय. ते रोज संध्याकाळी प्रत्येक नोंद वाचत आणि समोर बारीक सही करत.

आणि त्या कचऱ्यातच त्यांना एक गोष्ट सापडली. पार्सल घेऊन आलेला माणूस, नवी टायपिस्ट, मशीन दुरुस्तीला आलेला मेकॅनिक, मालकांचे व्याही, या चौघांनी वेगवेगळ्या दिवशी एकच नोंद केली होती. वर पॅकिंग विभागात जाणाऱ्या जिन्यावर मध्येच ठेच लागली, पडता पडता वाचलो.

टाचणीसाहेब फूटपट्टी घेऊन जिन्यावर बसले. चौदा पायऱ्या होत्या. सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अंगठ्याच्या पेराएवढी उंच निघाली. गंमत म्हणजे कारखान्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. सगळे तिथे बिनबोभाट पाय जास्त उचलत आणि पुढे जात. त्यांच्या पायांनी ते पंधरा-वीस वर्षांपूर्वीच शिकून घेतलं होतं आणि डोक्याला कळवलं नव्हतं. ठेच लागायची ती फक्त नव्या माणसाला.

“साहेब, पायरी उंच आहे,” ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले.

“पायरी उंचच असते हो. नाहीतर जिना कशाला म्हणायचं?”

“नवा माणूस पडेल एखाद दिवस. शक्यता चार, नुकसान चार. सोळा.”

“मग एक पाटी लावा. हजार दिवस भरत आलेत, आता नवीन काही उकरून काढू नका.”

पाटी लागली. ‘सातवी पायरी सांभाळा’. परिणाम असा झाला की नवी टायपिस्ट पाटी वाचता वाचता सहाव्या पायरीवर अडखळली. मग पायरीला पिवळा रंग दिला. रंग छान चकाकत होता आणि त्यावरून बूट तितकेच छान घसरत होते. टाचणीसाहेबांनी प्रशिक्षणाच्या वहीत पाहिलं. सूचना, रंग, हे सगळे शेवटचे उपाय. पहिला उपाय एकच होता, पायरी दुरुस्त करणे.

त्यांनी खरेदी विभागाकडे रीतसर मागणी दिली. ‘पायरी, नग एक.’ खरेदी विभागाच्या यादीत पायरी ही वस्तूच नव्हती. तिथल्या कारकुनाने दोन दिवस विचार केला आणि यादीतली सर्वांत जवळची वस्तू मागवली. चौथ्या दिवशी टेम्पोतून सात पायऱ्यांची लाकडी शिडी आली. टाचणीसाहेब म्हणाले, हे चुकलं आहे. कारकून म्हणाला, तुम्हीच लिहिलंय, सातवी पायरी, हिच्यात सातवी आहे की. परत पाठवायचा फॉर्म संपला होता. तो फॉर्म स्टोअरमधून मिळत असे, आणि स्टोअरच्या वहीत तो संपल्याची नोंद स्वतः टाचणीसाहेबांचीच होती. तेव्हा शिडी जिन्याखाली उभी राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी ‘थोडक्यात वाचलो’मध्ये तिच्यावर तीन नोंदी पडल्या.

या सगळ्यावर तोड काढली ती घराशेजारच्या ओव्हरसियरांनी. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्यांना बांधकामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे टाचणीसाहेबांनी कुंपणापलीकडून नुसतं ‘पायरी’ म्हणताच ते वहाणा न घालताच आले.

“सातवी छाटणार? मग आठवी उंच होईल,” ते म्हणाले.

“का बरं?”

“अहो, वरचा मजला काय खाली येणार आहे तुमच्यासाठी? एकूण उंची तेवढीच राहणार. एकीची खोडी काढलीत की ती पुढचीच्या अंगात शिरते. चौदाच्या चौदा पायऱ्यांत ती वाटून टाकली पाहिजे. प्रत्येकीला केसाएवढी.”

एक पायरी मागायला गेलेला माणूस आता अख्खा जिना मागणार होता. पण ओव्हरसियरांनी तोवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली होती. रविवारची दुपार त्यांनी त्यात घालवली, मध्ये दोनदा चहा घेतला, आणि शेवटी असा काही जिना काढून दिला की टाचणीसाहेबांना तो भिंतीवर लावावासा वाटला.

मॅनेजरसाहेबांनी सही केली ती मात्र सुरक्षेसाठी नव्हे. मोठे अधिकारी ढाल द्यायला येतील तेव्हा वर जाणारच, आणि परका माणूस म्हणजे सातव्या पायरीवर आपटणारच, हे टाचणीसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “करून घ्या,” ते म्हणाले. “पण काम बंद पडायला नको.”

शनिवार-रविवार सुट्टी होती. फळ्यावरचे नऊशे पंच्याण्णव आणि नऊशे शहाण्णव हे दोन दिवस गवंड्याने जिन्यात बसून घालवले. टाचणीसाहेब दोन्ही दिवस हेल्मेट घालून शेजारी उभे होते. गवंड्याला त्यांचा त्रासच झाला, पण ती शिडी मात्र त्याला फार आवडली. पटकन सुकणारा माल वापरला होता. रविवारी संध्याकाळी फूटपट्टी चौदाही पायऱ्यांना सारखीच लागली तेव्हा टाचणीसाहेबांनी हेल्मेट काढलं आणि घाम पुसला. हे काम आपण केलं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. कोणाला आधी सांगितलं नव्हतं, मुद्दामच. सोमवारी लोक जिना चढतील, वर जाऊन थबकतील, आणि म्हणतील, अरे वा, आज चढताना किती बरं वाटलं! त्या क्षणी आपण जिन्याखाली सहज म्हणून उभे असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याखाली सहज म्हणून उभे राहिले.

पहिले आले मॅनेजरसाहेब. सहा पायऱ्या झोकात चढले, सातवीला पाय सवयीने वर उचलला, तेवढ्या वर आता पायरी नव्हती, आणि तो पाय वरून धप्पकन खाली आला. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मॅनेजरच्या तोंडी शोभणारा नव्हता. त्यांच्यामागून बांधणी विभागातले दोघे आले. दोघेही सातवीवर धप्प. मग तिघी जणी गप्पा मारत चढल्या आणि एका सुरात धप्प, धप्प, धप्प. वरून उतरणाऱ्यांची गत आणखी वाईट होती. त्यांचे पाय खोल जायच्या तयारीने यायचे आणि पायरी अलीकडेच भेटायची. दुपारपर्यंत टाचणीसाहेबांनी एकोणतीस जण मोजले. पार्सलवाला आला तो मात्र शीळ वाजवत वर गेला आणि शीळ वाजवत खाली आला.

टाचणीसाहेबांनी घाईघाईने कागद लिहिला, ‘जिना दुरुस्त केला आहे, सावकाश चढावे’. तो चिकटवायला डिंक आणायला ते वळले आणि तेवढ्यात वरून मावशी निघाल्या.

मावशी म्हणजे पॅकिंग विभागाच्या सगळ्यात जुन्या बाई. बावीस वर्षं त्या दिवसातून चाळीस वेळा तो जिना उतरत होत्या, डोक्यावर खोक्यांचा भारा, एक हात भाऱ्याला, आणि नजर सरळ समोर. खाली बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. सातव्या पायरीने त्यांचा पाय अलीकडेच अडवला, घोटा मुरगळला, आणि त्या जागच्या जागी बसल्या. भारा मात्र उरलेल्या पायऱ्या एकटाच उतरून टाचणीसाहेबांच्या पायाशी आला.

डॉक्टरांनी घोट्याला पट्टी बांधली आणि आठ दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितलं. हाड शाबूत होतं. पण एका दिवसापेक्षा जास्त विश्रांती लागली की तो अपघात, हा नियम होता, आणि तो टाचणीसाहेबांच्या वहीत नवव्या पानावर होता.

“हे बघा,” मॅनेजरसाहेब दार लावून घेत म्हणाले, “मावशी घरी पडल्या. न्हाणीघरात. तुम्हीच सांगत होता ना, न्हाणीघराला वीस गुण आहेत म्हणून?”

“पण त्या जिन्यात पडल्या, साहेब.”

“तीन दिवस राहिलेत. चाळीस माणसांचं जेवण सांगितलंय. ढालीवर आपलं नाव कोरून झालंय. तुमचा फोटो आहे. जरा विचार करा.”

टाचणीसाहेबांनी विचार केला. घरी येऊन केला, जेवताना केला. पत्नीने एकच विचारलं, “बहिणीला काय सांगू?” त्यांनी प्रशिक्षणाची वही काढली. मनाला आधार देणारं एखादं वाक्य त्यात मिळतं का ते पाहू लागले. ते मिळालं नाही, दुसरंच मिळालं. सव्विसाव्या पानावर, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं, ‘कोणताही बदल करण्याआधी तिथे काम करणाऱ्यांना सांगावे, त्यांच्याकडून सराव करून घ्यावा. चांगल्या बदलानेही माणूस पडतो.’ त्या रेघा मारताना आपल्या मनात दुसऱ्या कोणाचा तरी कारखाना होता, हे त्यांना आठवलं. त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते अपघाताचा फॉर्म घेऊन मावशींच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. मावशी पलंगावर होत्या, पाय दोन उशांवर.

“या भाऊ. चहा ठेव गं,” त्या म्हणाल्या. “कशाला आलात एवढ्या लांब? मी मॅनेजरला निरोप दिलाय. घरी पडले म्हणून लिहा. मला चालतंय.”

“मला नाही चालत, मावशी. इथे तुमची सही लागेल.”

“मी सही करायची नाही.” मावशी एकदम ताठ झाल्या. “बावीस वर्षं त्या जिन्यावर माझा पाय कधी डगमगला नाही. मागच्या महिन्यात ती टायपिस्ट पडली तेव्हा मीच म्हणाले, आजकालच्या पोरींना चालता येत नाही. आणि आता सरकारी कागदावर लिहायचं, मावशी पडल्या? वय झालं म्हणतील. खाली बसवतील मला, डिंक लावायला.”

टाचणीसाहेबांना वाटलं होतं, पणाला लागलेली अब्रू आपली एकट्याचीच आहे. त्यांनी फॉर्म मावशींपुढे धरला.

“कारण वाचा ना आधी.”

मावशींनी चष्मा लावला आणि एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचलं. “‘सुरक्षा अधिकाऱ्याने जिना बदलला व कामगारांना सांगितले नाही. कामगाराची कोणतीही चूक नाही.’” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे सुरक्षा अधिकारी म्हणजे तुम्हीच की.”

“मीच.”

“भाऊ, वेड लागलंय का तुम्हाला? स्वतःच्या हाताने स्वतःला कोण असं लिहितं? नोकरीत नडेल हे.”

“तुम्ही पडला नाहीत, मावशी. मी तुम्हाला पाडलं. बावीस वर्षं शिकलेला पाय मी न विचारता खोटा पाडला. तुम्हाला एक शब्द बोललो असतो तर तुम्ही जपून उतरला असता. पण मला सोमवारी कौतुक ऐकायचं होतं.”

सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली. मावशींनी फॉर्म मांडीवर सरळ केला. मग म्हणाल्या, “पेन द्या.” सही करून झाल्यावर त्यांनी पेन स्वतःच्या उशीखाली ठेवलं. टाचणीसाहेबांनी, आयुष्यात पहिल्यांदा, ते परत मागितलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी वॉचमनकडून स्टूल मागून घेतलं आणि फळ्यावरचे तिन्ही आकडे स्वतः काढले. सोमवारचं शून्य धरून मंगळवारचा एक तेवढा अडकवला. जेवायच्या सुट्टीतून परतणारी माणसं ते बघत उभी राहिली. अर्धा दिवस सुट्टी गेली, जेवण गेलं. त्या दिवशी स्टोअरमध्ये टाचणी मागायला कोणी आलं नाही. मग त्यांनी सगळ्यांना जिन्याखाली गोळा केलं आणि पाच-पाच जणांना, मॅनेजरसाहेबांसकट, कठडा धरून तो जिना चढायला आणि उतरायला लावला. दहा-दहा वेळा. मॅनेजरसाहेब सातव्या खेपेला म्हणाले, “या वयात मला जिना चढायला शिकवताय?” पण आठवी खेप त्यांनी केली.

मोठ्या अधिकाऱ्यांचा दौरा ठरलेला होता. तो काही रद्द झाला नाही. गुरुवारी ते आले. किडकिडीत, कमी बोलणारे, बगलेत फाइल. ढाल त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर खाकी कागदात गुंडाळलेली होती. फळ्यावर तीनचा आकडा होता. त्याच्याकडे पाहत ते थोडे थांबले. मालक खाकरले, मॅनेजरसाहेब जमिनीकडे पाहू लागले.

“फॉर्म बघू,” अधिकारी म्हणाले. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. “सुरक्षा अधिकारी कोण?”

टाचणीसाहेब पुढे झाले. शर्ट तोच सोमवारचा होता.

“कारणाच्या रकान्यात तुम्ही स्वतःला घातलंय.”

“हो, साहेब.”

“आता लोकांना सांगितलंय?”

“सांगितलंय. पण पायांना समजायला वेळ लागतोय.”

अधिकारी हसले नाहीत. कौतुकही केलं नाही. “ढाल देता येणार नाही,” एवढंच म्हणाले. “हजार दिवस भरले की कळवा.” टाचणीसाहेबांनी मान हलवली. गणित त्यांनी आधीच केलं होतं. तोवर ते निवृत्त होणार होते. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“चला, वरचा विभाग दाखवा,” अधिकारी म्हणाले.

सगळी वरात जिन्याकडे निघाली. मावशी तिथेच जिन्याखाली खुर्चीत बसल्या होत्या. घरी करमत नाही म्हणून मुलाला सांगून त्या रिक्षाने आल्या होत्या. टाचणीसाहेब मागे, त्यांच्या खुर्चीपाशी थांबले. अधिकारी फाइलमध्ये डोकं घालून चढू लागले, मालकांना काहीतरी विचारत. त्यांनी पायऱ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. बोलणं तुटलं नाही, पाऊल चुकलं नाही. त्यांच्यामागे मालक, मालकांमागे मॅनेजरसाहेब, त्यांच्यामागे बांधणी विभागातले दोघे, आणि सातवी पायरी आली की एकेकाचा पाय आपोआप वर उचलला जाई, क्षणभर हवेत अडखळे आणि मग शहाण्यासारखा हळूच खाली येई.

मावशींना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर हात धरला. टाचणीसाहेब मात्र त्या किडकिडीत पाठीकडे पाहत होते. सोमवारी पार्सलवाला शीळ वाजवत गेला होता तेव्हा त्यांना बघायला सवड नव्हती. आज ती होती. एक परका माणूस, बेसावध, त्या जिन्यावरून वर गेला आणि पडला नाही. जुन्या जिन्यावर तो पडला असता, फाइलसकट, हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि कळायचं काही कारणही नव्हतं. टाचणीसाहेबांना फार बरं वाटलं.

“बघितलंत का, भाऊ?” मावशी हळूच म्हणाल्या.

“बघितलं,” टाचणीसाहेब म्हणाले.